भिंतीपलीकडचा भाजीवाला आणि शहराची भूमिती

माझ्या मावशीच्या गॅलरीतून भाजीवाला दिसतो. कोथिंबिरीची जुडी आज केवढ्याला, हे तिथूनच ओरडून विचारता येईल इतका जवळ. गॅलरीपासून हातगाडीपर्यंत अंतर फार तर ८० मीटर. पण मध्ये सोसायटीची भिंत, भिंतीला लागून नाला आणि नाल्यापलीकडे दुसऱ्या सोसायटीची भिंत. त्यामुळे भाजी आणायची तर फाटकातून बाहेर पडायचं, मुख्य रस्त्याने चौक गाठायचा, उजवीकडे वळून नाल्यावरचा पूल ओलांडायचा आणि तेवढंच पुन्हा मागे यायचं. एकदा मी तिच्याबरोबर चालत गेलो आणि मोबाइलवर अंतर मोजलं. १ किलोमीटर ३०० मीटर भरलं. मावशी सत्तरीच्या पुढची आहे. दोन मेथीच्या जुड्यांसाठी ती रिक्षा करते.

१३०० भागिले ८०, म्हणजे सोळाच्या वर. रस्त्याने पडणाऱ्या अंतराला सरळ रेषेतल्या अंतराने भागलं की जो आकडा येतो त्याला आपण 'वळसा' म्हणू. शहरांच्या भूमितीतलं हे सगळ्यात साधं माप आहे. बुद्धिबळाच्या पटासारखे रस्ते आखलेले असतील, तर कुठूनही कुठेही जाताना वळसा जास्तीत जास्त १.४१ होतो, आणि सगळ्या दिशांची सरासरी काढली तर १.२७. हे आकडे कुठल्या पाहणीतून आलेले नाहीत, शाळेतल्या पायथागोरसच्या प्रमेयातून आणि थोड्या त्रिकोणमितीतून निघतात. त्यांच्या शेजारी मावशीचा सोळा ठेवून पाहा.

पुण्यात वाहतुकीवर बोलणं निघालं की ते हमखास रुंदीकरणावर येऊन थांबतं. रस्ता रुंद करा, उड्डाणपूल बांधा, सिग्नल नीट लावा. रुंदीला महत्त्व आहेच. पण एखाद्या रस्त्यावर किती ओझं पडणार हे आधी ठरतं ते तो रस्त्यांच्या जाळ्यात कुठे बसलाय आणि कशाकशाला जोडलेला आहे यावरून. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण ती कागद-पेन्सिल घेऊन तपासता येते, आणि ती तपासण्याआधीच आपण कोट्यवधी रुपये खर्चून मोकळे होतो.

सात पुलांचं शहर

या विद्येची सुरुवात एका नदीकाठच्या शहरात झाली. प्रशियातलं क्यॉनिग्सबर्ग, म्हणजे आजच्या रशियातलं कालिनिनग्राद. प्रेगेल नदीमुळे या शहराचे चार तुकडे पडले होते आणि त्यांना जोडणारे सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं शहर फिरून येता येईल का, असा तिथल्या लोकांना प्रश्न पडला होता. लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७३५ साली सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीपुढे उत्तर मांडलं: येणार नाही.

उत्तराहून रीत महत्त्वाची. ऑयलरने पुलाची लांबी, बेटाचा आकार, नदीचं वळण हे सगळं बाजूला ठेवलं आणि एकच गोष्ट मोजली. कुठल्या तुकड्याला किती पूल लागतात? बेटाला पाच, बाकीच्या तिघांना तीन-तीन. आता विचार करा. फिरताना एखाद्या तुकड्यात तुम्ही एका पुलाने शिरता आणि दुसऱ्याने बाहेर पडता, म्हणजे पूल जोडीने खर्च होतात. सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा सोडला तर प्रत्येकाला सम संख्येने पूल हवेत. इथे चारही तुकड्यांना विषम. विषय संपला.

त्या दिवसापासून शहराकडे बघायची एक नवी पद्धत मिळाली. चौकाच्या जागी गाठ, दोन चौकांमधल्या रस्त्याच्या जागी दुवा. गाठी आणि दुवे मिळून जाळं. मासेमारीचं जाळं बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही. एक दोरा तुटला की ताण शेजारच्या दोऱ्यांवर जातो.

नकाशावरून जाळं काढताना

पण ऑयलरसारखं सगळंच फेकून देऊन आपलं भागत नाही. लांबी हवी, दिशा हवी, उंचीही हवी. इथून भूमिती परत आत येते, आणि पहिलीच ठेच अंतर मोजताना लागते.

मोबाइल आपली जागा अक्षांश-रेखांशात सांगतो. पुणे साधारण १८.५ अंश उत्तरेला आहे. इथून एक अंश सरळ उत्तरेला गेलात तर सुमारे १११ किलोमीटर जाल. एक अंश पूर्वेला गेलात तर मात्र १०६ किलोमीटरच्या किंचित आत. संत्र्याच्या फोडी देठाकडे निमुळत्या होत जातात, तशा रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात. म्हणून अक्षांश-रेखांशांचे आकडे उचलून थेट पायथागोरस लावला की पूर्व-पश्चिम रस्ते उगाच लांब निघतात. मोबाइलवरच्या सपाट नकाशांची तऱ्हा आणखी वेगळी. ते बहुधा मर्केटर पद्धतीने काढलेले असतात आणि ध्रुवाकडे जावं तसे फुगत जातात. पुण्याच्या पट्ट्यात, त्या नकाशाचे कच्चे आकडे जसेच्या तसे वापरले, तर लांबी सुमारे पाच टक्क्यांनी आणि क्षेत्रफळ अकरा टक्क्यांनी जास्त येतं.

यावर तोडगा जुना आणि चांगला आहे. जगाचे सहा-सहा अंशांचे साठ उभे पट्टे केलेले आहेत. प्रत्येक पट्टा स्वतंत्रपणे सपाट केला की चूक नगण्य राहते आणि अंतर सरळ मीटरमध्ये मिळतं. याला यूटीएम म्हणतात. पुणे-मुंबई ४३व्या पट्ट्यात येतात, नागपूर ४४व्या. हिशेबाला बसण्याआधी हा पट्टा निवडायचा, एवढी एक सवय पुढची बरीच डोकेदुखी वाचवते.

दुसरी ठेच उंचीची. नकाशावर दोन रेषा एकमेकींना छेदतात, म्हणून तिथे चौक असतोच असं नाही. पुण्याच्या चांदणी चौकात जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटाने पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या रस्त्यांचं उद्घाटन झालं. वरून पाहिलं तर तिथे रेषांचा गुंता दिसतो, पण त्यांतले पुष्कळ छेद फसवे आहेत. वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्यावर उडी मारता येत नाही. संगणकाला हे सांगावं लागतं, की ही रेषा पूल आहे, वरच्या थरातली आहे, इथे गाठ मारू नकोस. सांगायचं राहून गेलं तर तो खुशाल हवेतून वळण घेणारे मार्ग काढून देतो.

याच्या उलट प्रकार अंधेरीत घडला. नव्याने बांधलेल्या गोखले पुलाची पहिली बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये वाहतुकीला खुली झाली. शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल तिला जोडायचा होता. सपाट नकाशावर दोन्ही रेषा एकमेकींना टेकलेल्या. प्रत्यक्षात त्यांच्या पातळ्यांत एक मीटरहून जास्त फरक. जॅक लावून उड्डाणपुलाचा तो भाग वर उचलला, तेव्हा कुठे जुलै २०२४ मध्ये दुवा जुळला. लांबी-रुंदी दोन्ही बरोबर होत्या, तिसरं माप तेवढं चुकलं होतं.

वाटेत कोण किती वेळा येतं

आता या सगळ्या विषयाचा गाभा. एक कागद घ्या. मधोमध नदी काढा, अलीकडे दहा ठिपके, पलीकडे दहा ठिपके. प्रत्येक काठावर ठिपके एकमेकांना रेषांनी जोडा आणि नदीवर एकच पूल टाका. वीस ठिपक्यांच्या जोड्या होतात १९०. त्यांपैकी ज्या जोड्यांत एक ठिपका अलीकडचा आणि दुसरा पलीकडचा आहे अशा १०० आहेत. म्हणजे शहरातला प्रत्येक चौक प्रत्येक चौकाकडे एकदा निघाला, तर निम्म्याहून जास्त फेऱ्या या एका रेषेवरून जाणार. एखाद्या टोकाच्या गल्लीच्या वाट्याला मात्र जेमतेम १९ फेऱ्या येतील, तिच्या टोकाशी असलेल्या एका ठिपक्याच्या. पूल आणि गल्ली दोन्ही सारख्याच रुंदीचे काढलेत तरी आकडे हेच राहतात.

हे मोजण्याची पद्धत लिंटन फ्रीमन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७७ साली नीट मांडली. त्याच्यापुढे रस्ते नव्हते, माणसांच्या ओळखीपाळखी होत्या. दोन अनोळखी माणसांना जोडताना मध्ये सारखा कोण येतो, हे त्याला शोधायचं होतं. गावात असा एक माणूस असतोच: सोयरीक असो नाहीतर जागेचा व्यवहार, निरोप त्याच्या मार्फतच जातो. रस्त्यांतही तसे मध्यस्थ असतात. प्रत्येक जोडीतला सगळ्यात जवळचा मार्ग काढायचा आणि कुठला दुवा किती मार्गांत आला ते मोजायचं. त्या आकड्याला मध्यस्थता म्हणता येईल.

जवळचा मार्ग संगणक कसा काढतो? १९५६ साली एड्सखर डायक्स्ट्रा हा डच तरुण ॲमस्टरडॅममध्ये कॉफी पीत बसला असताना त्याला वीस मिनिटांत ही युक्ती सुचली, कागद-पेन्सिल न घेता. ती छापून आली १९५९ मध्ये. कल्पना अशी करा: घराच्या दारात पाण्याचा नळ सोडलाय आणि सगळ्या रस्त्यांनी पाणी एकाच वेगाने पुढे सरकतंय. ज्या चौकात पाणी सगळ्यात आधी पोचेल त्याचं अंतर पक्कं झालं. तिथून पाणी पुढे फुटतं, पुढच्या सगळ्यात जवळच्या चौकात पोचतं, ते अंतर पक्कं. ज्या चौकात पाणी आधीच आलंय तिथे दुसऱ्या वाटेने उशिरा आलेलं पाणी मोजायचं नाही. सगळं शहर भिजलं की तुमच्या घरापासून प्रत्येक चौकाचा सगळ्यात जवळचा मार्ग हातात आला. मोबाइलवरचे नकाशे आज याच युक्तीच्या लेकी-नातींवर चालतात.

आता पुण्याकडे या. मुठेच्या एका काठाला पेठा, दुसऱ्या काठाला डेक्कन, शिवाजीनगर, पुढे कोथरूड. मध्ये राजाराम पुलापासून संगम पुलापर्यंत मोजके पूल, त्यांत लकडी पूल, म्हात्रे पूल, शिवाजी पूल असे जुने जाणते. कागदावरचा खेळ इथे जसाच्या तसा दिसतो. शिवाय एक बारकावा कळतो. पूल दोन केले म्हणजे ओझं निम्मं-निम्मं वाटलं जातं असं नाही. जो पूल वस्तीच्या मध्याजवळ आहे त्याच्याकडे जास्त मार्ग ओढले जातात आणि कडेचा पूल त्यामानाने मोकळा राहतो. खडकवासल्यातून पाणी सोडलं की सखल भिडे पूल बुडतो. त्या दिवशी शेजारच्या पुलांवर काय होतं ते पावसाळ्यात पेठेतून डेक्कनला गेलेल्या कुणालाही विचारा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला धरणं फुटली आणि पेठांलगतचे पूल पाण्याखाली गेले, तेव्हा तर जाळ्याचे दोन तुकडेच पडले. ज्या दुव्याला काढलं की जाळं तुटून दोन होतं, त्याला गणितातही 'पूल'च म्हणतात.

मुंबईत नदीचं काम रेल्वे करते. पश्चिम रेल्वेचा रूळ उपनगराला उभा चिरत जातो आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचं तर ठरावीक जागांवरूनच. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाच्या पदपथाचा भाग रुळांवर कोसळला आणि माणसं दगावली. पुढे ७ नोव्हेंबर २०२२ पासून पूल पूर्ण बंद केला. एक दुवा मिटला. त्या दुव्यावरून जाणारे सगळे मार्ग विलेपार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल, मिलन सबवे, जोगेश्वरीचा बाळासाहेब ठाकरे उड्डाणपूल यांच्यावर जाऊन पडले. अंधेरी सबवे जवळचा होता, पण मुसळधार पावसात तो पाण्याने भरतो आणि बंद होतो. म्हणजे ऐन पावसाळ्यात लागोपाठचे दोन दुवे गायब. कुठला दुवा मिटला तर ओझं कुणावर पडेल, हा हिशेब पूल पाडायच्या आधी संध्याकाळभरात करता येतो. माझ्या मते तो झाल्याशिवाय कुठल्याही पुलाला कुलूप लागू नये.

या मापाची एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. ते प्रत्येक चौकाला सारखंच वजन देतं. प्रत्यक्षात सकाळी नऊला अर्धं शहर हिंजवडीकडे निघतं आणि संध्याकाळी परततं. म्हणून नुसत्या जोड्या न मोजता कुठे किती माणसं राहतात, कुठे किती नोकऱ्या आहेत, शाळा कुठे आहेत, याचं वजन प्रत्येक गाठीला द्यावं लागतं. तरीही वजनं न लावलेला कच्चा हिशेबसुद्धा पुष्कळ बोलतो.

किती वळणं?

पत्ता सांगताना आपण मीटर सांगत नाही. "सरळ जा, मारुतीच्या देवळाशी डावीकडे वळा, मग दुसरी गल्ली." माणसाच्या डोक्यात अंतर वळणांनी मोजलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये बिल हिलियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात नेमकी हीच गोष्ट धरली. त्यांनी शहराच्या नकाशावर नजर जाईल तितक्या लांब, पण कमीत कमी रेषा ओढल्या. चौकांच्या जागी रेषा हीच गाठ मानली, आणि एका रेषेवरून दुसरीवर जायला किती वळणं लागतात ते मोजलं. जिथून सगळं शहर थोड्या वळणांत येतं ती रेषा उथळ. जिथे पोचायला खूप वळणं लागतात ती खोल. उथळ रेषांवर पायी माणसं जास्त दिसतात आणि दुकानंही तिथेच जमतात, असं त्यांना पुन्हापुन्हा आढळलं.

पुण्यात याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. लक्ष्मी रस्ता पेठांना आडवा छेदत जातो. त्याला शिवाजी रस्ता छेदतो, बाजीराव रस्ता छेदतो आणि अनेक बोळ येऊन मिळतात. लक्ष्मी रस्त्यावर उभं राहिलं की पेठांमधली बहुतेक ठिकाणं एक-दोन वळणांवर. साड्यांची आणि सराफांची दुकानं तिथे का जमली, याला व्यापाराचा इतिहास आहेच, पण ती रेषा किती उथळ आहे तेही पाहायला हवं.

आणि वर्षातून एकदा हीच भूमिती उघड्या डोळ्यांनी बघता येते, विसर्जनाच्या मिरवणुकीत. मंडळं बेलबाग चौकात येऊन लक्ष्मी रस्त्यावर शिरण्यासाठी आपल्या पाळीची वाट पाहतात. लक्ष्मी रस्त्याशिवाय कुमठेकर, केळकर आणि टिळक रस्ते हेही मिरवणुकीचे मार्ग आहेत. पण चारही शेवटी कुठे मिळतात? अलका टॉकीजच्या चौकात. चार मार्ग वेगळे असले तरी त्यांचं तोंड एकच आहे. चार नळ एका नरसाळ्यात सोडले तर बादली भरायला लागणारा वेळ नरसाळ्याच्या तोटीवर ठरतो. मिरवणूक तीस तासांच्या आसपास जाते त्यात ढोल-ताशा पथकांचा, थांबून-थांबून खेळण्याचा वाटा आहेच. पण चारही दुवे एकाच गाठीत येतात, तिथे पाचवा मार्ग काढला तरी तोही त्याच गाठीत येणार असेल तर फरक पडायचा नाही. मी अनेक वर्षं त्या चौकात पहाटेपर्यंत उभा राहिलो आहे, आणि ही गोष्ट कळल्यापासून मला ती गर्दी वेगळी दिसते.

रस्त्यांच्या दिशांवरूनही शहराची कुंडली मांडता येते. प्रत्येक रस्ता उत्तरेशी किती अंशांचा कोन करतो ते मोजायचं, दहा-दहा अंशांचे ३६ कप्पे करायचे आणि कुठल्या कप्प्यात किती रस्ते पडले त्याचं फूल काढायचं. जेफ बोइंग यांनी २०१९ मध्ये जगातल्या १०० शहरांची अशी फुलं प्रसिद्ध केली. शिकागोच्या फुलाला चारच पाकळ्या, अगदी अधिक चिन्हासारखं. रोमचं फूल सगळ्या दिशांनी भरलेलं, झेंडूसारखं. चार पाकळ्यांचं शहर चांगलं आणि झेंडूचं वाईट, असा अर्थ मात्र काढू नये. पेठांतल्या बोळांना शिकागोची शिस्त नाही, तरी पायी चालणाऱ्याला पाचपन्नास पावलांवर दुसरी वाट सापडते.

भिंती, बांध आणि मिसिंग लिंक

पेठांत दुसरी वाट सापडते आणि मावशीच्या भागात सापडत नाही, हा फरकही एका आकड्यात पकडता येतो. दुवे मोजा, त्यातून गाठी वजा करा, एक मिळवा. जितके आले तितकी स्वतंत्र वेटोळी जाळ्यात आहेत. दहा चौक आणि नऊ रस्ते असतील तर उत्तर शून्य. हे जाळं नाहीच, झाड आहे. खोड, फांद्या, डहाळ्या. झाडात एका पानावरून दुसऱ्या पानावर जायचं तर मागे खोडाकडे यावंच लागतं, आणि खोडाला भेग पडली की अख्खी फांदी गेली. याला दहावा रस्ता जोडा: एक वेटोळं तयार झालं, आणि त्यावरच्या सगळ्यांना दुसरी वाट मिळाली.

शहराच्या कडेची वस्ती झाडासारखी का वाढते? जमिनीकडे बघा. पूर्वी तिथे शेतं होती. गट नंबर, बांध, पाणंद. एकेक तुकडा वेगवेगळ्या वेळी विकला गेला. ज्याने घेतला त्याने आपल्या तुकड्यात रस्ते आखले, भोवती भिंत घातली आणि मुख्य रस्त्याला एक फाटक ठेवलं. शेजारच्या तुकड्याशी जोडून घ्यायला कुणालाच निकड नव्हती. बांधाची रेषा आता भिंत होऊन उभी आहे. विकास आराखड्यात जोडरस्ते दाखवलेले असतात, लोक त्यांना डीपी रोड म्हणतात. पण मधली दोनशे मीटर जागा ताब्यात आलेली नसते आणि दोन्ही बाजूंनी आलेला डांबरी रस्ता पत्र्याच्या कुंपणाशी थांबतो. यालाच सगळे मिसिंग लिंक म्हणतात.

इथे जाळ्याचं गणित थेट कामाला येतं. असे अनेक तुटके दुवे असतात, पैसे थोडे असतात. प्रत्येक तुकडा नकाशावर जोडून बघायचा, पुन्हा हिशेब करायचा, आणि कुठल्या दुव्याने वळसा सर्वांत कमी होतो, खोडावरचं ओझं सर्वांत हलकं होतं ते बघायचं. दोनशे मीटरचा योग्य दुवा कित्येकदा दोन किलोमीटरच्या रुंदीकरणापेक्षा जास्त उपयोगाचा ठरतो. माझी तळमळ याच गोष्टीची आहे.

पायी पोचण्याच्या टप्प्याचंही असंच. एका जागेपासून एक किलोमीटरचं वर्तुळ काढा: क्षेत्रफळ ३.१४ चौरस किलोमीटर. आता रस्ते चौकटीचे आहेत असं धरून एक किलोमीटर चाला. वर्तुळाऐवजी शंकरपाळ्याचा आकार मिळेल, क्षेत्रफळ २ चौरस किलोमीटर. चांगल्या जोडलेल्या शहरातही एक तृतीयांशाहून जास्त भाग असा हातचा जातो. झाडासारख्या वस्तीत तर दोन-तीन बोटांसारखे पट्टे उरतात. शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी असं म्हटलं आहे. ते किलोमीटर पक्ष्याचं की मुलाच्या पावलांचं, यावर किती मुलांचा रोजचा दिवस ठरत असेल.

हा भेद दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी एका डॉक्टरने ओळखला होता. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडले आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवलं, ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण त्यांनी नकाशावर एक तुटक रेषाही काढली होती. त्या रेषेवर उभ्या असलेल्या माणसाला ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि दुसरा जवळचा पंप सारख्याच अंतरावर पडत. हे अंतर त्यांनी रस्त्याने चालत जायचं धरलं, सरळ रेषेत धरलं नाही. कारण पाण्याची बादली घेऊन भिंतीतून जाता येत नाही.

जोडणी वाढवताना

इतकं वाचल्यावर वाटेल की मग जोडत सुटावं. तसंही नाही, आणि याचा पुरावा इतका चटका लावणारा आहे की तो आकड्यांतच बघावा. १९६८ साली डीट्रिख ब्रेस या जर्मन गणितज्ञाने तो दिला.

सकाळी ४००० गाड्यांना वाकडीहून शहरात जायचंय असं समजा. गावाचं नाव माझ्या मनातलं आहे. दोन मार्ग आहेत. पहिल्यात आधी अरुंद पूल, मग लांब पण मोकळा महामार्ग. दुसऱ्यात आधी मोकळा महामार्ग, मग दुसरा अरुंद पूल. महामार्गाला नेहमीच ४५ मिनिटं लागतात. पुलावर जितक्या गाड्या, त्याला शंभराने भागलं की मिनिटं येतात. लोक दोन्ही मार्गांवर सारखे वाटले जातात: २००० गाड्या, पुलावर २० मिनिटं, महामार्गावर ४५, एकूण ६५.

आता पहिल्या पुलाच्या टोकापासून दुसऱ्या पुलाच्या तोंडापर्यंत एक झकास जोडरस्ता बांधला. इतका छोटा की वेळ शून्य धरू. प्रत्येकाला वाटतं, ४५ मिनिटांचा महामार्ग कशाला? पुलावर अगदी सगळे आले तरी ४०च मिनिटं. म्हणून सगळे पहिला पूल, जोडरस्ता, दुसरा पूल असे जातात. दोन्ही पुलांवर ४००० गाड्या, ४० अधिक ४०, एकूण ८० मिनिटं. एकट्यादुकट्याने जुना मार्ग धरला तर त्याला ८५ लागतात, म्हणून कुणी माघार घेत नाही. नवा रस्ता झाला आणि सगळ्यांची पंधरा मिनिटं गेली. कुणीही मूर्खपणा केला नाही, प्रत्येकाने आपापल्या परीने शहाणाच निर्णय घेतला.

म्हणून कुठला दुवा, हा प्रश्न किती दुवे या प्रश्नाच्या आधी येतो. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये चंग्येचन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग २००३ पासून पाडायला घेतला आणि २००५ मध्ये तिथे ओढा आणि पायवाटा खुल्या झाल्या. शहर ठप्प होईल ही भीती खरी ठरली नाही. माझ्या मावशीच्या भिंतीत हवी असलेली चार फुटांची वाटही पायी माणसासाठी आहे. गाड्यांचा जोडरस्ता केला तर कदाचित ब्रेसचा खेळ सुरू होईल. पायवाटेला तो धोका नाही.

हे सगळं करायला आज महागडं काही लागत नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला नकाशा २००४ पासून आहे, कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. नकाशांवर असे हिशेब करणारी क्यूजीआयएस नावाची मोफत प्रणाली घरच्या लॅपटॉपवर चालते. पण नकाशा माणसांनीच भरलेला असतो, आणि बोळ, पायऱ्या, रात्री बंद होणारी फाटकं यांत सर्वांत जास्त चुका सापडतात. एकेरी रस्ता दुहेरी नोंदला गेला तरी सगळे मार्ग बिघडतात.

मावशीच्या भागाचं जाळं पहिल्यांदा उतरवून घेतलं तेव्हा मला तिचा वळसा १.३ मिळाला. मी चक्रावलो. बघतो तर कुणीतरी उपग्रहाच्या चित्रावरून नाल्यावर पायवाट आखली होती, एका फाटकातून सरळ दुसऱ्या फाटकात. वरून तसं दिसतंच, नाल्यावर सिमेंटचा जुना पाइप आडवा पडलाय. रविवारी मी जागेवर गेलो. दोन्ही भिंतींना दारं होती, आणि दोन्हींवर गंजलेली कुलपं. घरी येऊन पायवाटेवर दोन फाटकं टाकली, 'बंद' अशी नोंद केली आणि हिशेब पुन्हा चालवला. १६.२.